जुन्या इलेक्ट्रिक गाडीचा भाव

पेट्रोलची जुनी गाडी घेताना काय बघायचं, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. बॉनेट उघडायचं, इंजिनाचा आवाज ऐकायचा, ऑइलची काडी ओढून बघायची, धुराचा रंग बघायचा. ओळखीचा मेकॅनिक सोबत असेल तर तो दहा मिनिटांत ‘घ्या’ किंवा ‘राहू द्या’ सांगून मोकळा होतो. इलेक्ट्रिक गाडीसमोर मात्र हाच मेकॅनिक गप्प होतो. गाडीतली सगळ्यात महागडी वस्तू बुडाशी सीलबंद पेटीत असते. तिला आवाज नाही, धूर नाही, गळती नाही. मग जुन्या गाड्यांचा एजंट म्हणतो, ‘साहेब, गाडी एकदम क्लीन आहे, पण बॅटरीचं काही सांगता येत नाही,’ आणि एवढ्या एका वाक्यावर लाखभर रुपये खाली येतात.

माझं म्हणणं असं की, हे लाखभर रुपये बहुतेक वेळा बॅटरीच्या झिजेचे नसतात, ते खरेदीदाराच्या अंधारात असण्याचे असतात. झीज मोजता येते, बऱ्यापैकी अचूक मोजता येते, आणि ती मोजून दाखवणाऱ्या विक्रेत्याला त्याचे पैसे मिळायला हवेत. त्यासाठी बॅटरी म्हातारी कशी होते, हे आधी नीट समजून घ्यावं लागतं.

लिथियम-आयन सेलमध्ये एका बाजूला ग्राफाइट असतं आणि दुसऱ्या बाजूला लिथियम धरून ठेवणारं एखाद्या धातूचं संयुग. चार्जिंग चालू असताना लिथियमचे आयन ग्राफाइटमध्ये जाऊन बसतात, गाडी चालताना परत निघून येतात. गाडीची रेंज म्हणजे या ये-जा करणाऱ्या लिथियमचा साठा. सेल कारखान्यात पहिल्यांदा चार्ज होतो तेव्हाच ग्राफाइटवर एक अतिशय पातळ थर धरतो. तो लागतोच, कारण त्याच्याशिवाय आतला इलेक्ट्रोलाइट ग्राफाइटला भिडून सतत विघटित होत राहील. पण हा थर पुढेही वाढत राहतो, आणि वाढताना थोडं थोडं लिथियम स्वतःत अडकवून घेतो. अडकलेलं लिथियम पुन्हा कामाला येत नाही. गाडी उभी असली तरी हे चालू असतं, म्हणून वर्षभर गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीची बॅटरीही वर्षाने म्हातारी होतेच.

इथे एक गोष्ट खरेदीदारांच्या लक्षात येत नाही. थर जसा जाड होतो तशी त्याची पुढची वाढ मंदावते. ही वाढ साधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या हिशेबाने होते. म्हणजे पहिल्या वर्षी या कारणाने चार टक्के क्षमता गेली असं धरलं, तर चार वर्षांनी सोळा टक्के जात नाहीत, आठच्या आसपास जातात. पहिल्या वर्षीची घट बघून मालक धास्तावतो, ‘पाच वर्षांत बॅटरी संपणार’ असा सरळ रेषेचा हिशेब मांडतो आणि गाडी घाईने विकायला काढतो. तो नेमक्या अशा वेळी विकतो, जेव्हा झिजेचा वेग उतरू लागलेला असतो. तीन ते पाच वर्षांची, नीट वापरलेली गाडी माझ्या मते दुसऱ्या मालकासाठी सगळ्यात चांगली, ती याच कारणाने.

मात्र ही सपाट वाट कायमची नसते. पुष्कळ झीज झाल्यावर इलेक्ट्रोलाइट कमी पडू लागतो, ग्राफाइटची छिद्रं बुजतात, लिथियम आत शिरण्याऐवजी पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचू लागतं, आणि मग क्षमता एकदम वेगाने उतरते. आलेखात ही जागा वाकलेल्या गुडघ्यासारखी दिसते. जुन्या गाडीच्या खरेदीदाराला खरी भीती या वळणाची असते आणि ती रास्त आहे. चांगल्या बॅटरीत ते खूप उशिरा येतं, पण ते आलेलं नाही याची खात्री त्याला हवी असते.

दुसरी झीज वापराची. प्रत्येक चार्जिंगमध्ये ग्राफाइट किंचित फुगतं, रिकामं होताना आक्रसतं, त्याला बारीक चिरा पडतात आणि प्रत्येक चिरेवर तो थर नव्याने धरतो. शून्य ते शंभर असा पूर्ण फेरा छोट्या छोट्या फेऱ्यांपेक्षा जास्त ताण देतो. हे ऐकून लोक किलोमीटर बघतात, पण नुसते किलोमीटर फसवतात. प्रत्यक्षात २०० किलोमीटर जाणारी गाडी १,६०,००० किलोमीटर चालली तर तिचे ८०० पूर्ण फेरे झाले. तेवढंच अंतर ३०० किलोमीटर रेंजच्या गाडीने कापलं, तर ५३० च्या आसपास. ओडोमीटरवर आकडा तोच, पण लहान बॅटरीने दीडपट कष्ट केलेले असतात.

या सगळ्यावर उष्णतेचा हात फिरतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हा जुना ढोबळ नियम बॅटरीलाही लागू पडतो. म्हणूनच नागपूर, अकोला, चंद्रपूर या भागात मे महिन्यात उघड्यावर उभी राहणारी गाडी आणि महाबळेश्वरची गाडी कागदावर एकाच वयाची असली तरी बॅटरीने एका वयाची नसते. त्यातही शंभर टक्के चार्ज करून उन्हात दिवसभर उभं करणं सगळ्यात वाईट, कारण भरलेली बॅटरी आतून जास्त क्रियाशील असते. डीसी फास्ट चार्जिंगचा दोषही आपल्या हवेत मुख्यतः उष्णतेचाच आहे. अधूनमधून हायवेवर केलेलं फास्ट चार्जिंग बॅटरी सहज पचवते. रोज दोनदा तेच केलं, तर फरक पडतो.

उष्णता आणि किंमत यांचं नातं जगाला निसान लीफने शिकवलं. डिसेंबर २०१० मध्ये ही गाडी अमेरिका आणि जपानमध्ये आली, २४ किलोवॅट-अवरची बॅटरी घेऊन, पण बॅटरी थंड ठेवण्यासाठी द्रवाची यंत्रणा तिच्यात नव्हती. डॅशबोर्डवर बॅटरीच्या क्षमतेच्या बारा पट्ट्या होत्या. २०१२ च्या उन्हाळ्यात ॲरिझोनातल्या फिनिक्स परिसरातल्या मालकांच्या पट्ट्या विझू लागल्या. पहिली पट्टी गेली म्हणजे साधारण पंधरा टक्के क्षमता गेलेली. कंपनीने पुढच्या वर्षी क्षमतेची वॉरंटी दिली : पाच वर्षं किंवा ६०,००० मैलांच्या आत नऊपेक्षा कमी पट्ट्या उरल्या तर बॅटरी दुरुस्त किंवा बदलून मिळेल. २०१४ मध्ये बदली बॅटरीची किंमतही जाहीर केली, ५,४९९ डॉलर, जुनी परत देण्याच्या अटीवर. जुन्या लीफचा भाव तिथे पट्ट्या मोजून ठरू लागला. आणि बाजार पट्ट्या मोजतो म्हटल्यावर काही विक्रेत्यांनी गाडीचा बॅटरी कॉम्प्युटर रीसेट करून बाराच्या बारा पट्ट्या पेटवून दाखवण्याचेही प्रकार केले. काही आठवडे गाडी चालली की पट्ट्या पुन्हा विझायच्या. गाडीने दाखवलेला आकडा एकट्यानेच खरा मानू नये, हा त्यातला धडा मला फार मोलाचा वाटतो.

आपल्याकडे जानेवारी २०२० मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्ही आणि एमजी झेडएस ईव्ही या दोन्ही गाड्यांची बॅटरी पहिल्यापासून द्रवाने थंड होणारी होती. लीफच्या कहाण्या वाचून नेक्सॉनला घाबरणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा. पुढे बऱ्याच गाड्यांमध्ये लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी रसायन आलं. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांनी ए. के. पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी या सहकाऱ्यांसोबत १९९७ मध्ये या पदार्थाची ओळख करून दिली. निकेल-मँगनीज-कोबाल्टपेक्षा त्यात ऊर्जा कमी मावते, पण ते जास्त फेरे सोसतं आणि उष्णतेत जास्त शांत राहतं. जुनी गाडी घेणाऱ्याने ‘बॅटरी कोणत्या रसायनाची’ हा प्रश्न पहिल्या पाचात विचारायला हवा.

आणखी एक आतली गोष्ट. पॅक म्हणजे एक बॅटरी नव्हे. एलएफपीचा एक सेल सव्वातीन व्होल्टच्या आसपासचा, म्हणून ३२० व्होल्टचा पॅक हवा असेल तर शंभर सेल एकापुढे एक जोडावे लागतात. अशा रांगेत, जोडीतला अशक्त बैल जेवढा ओढेल तेवढाच नांगर चालतो. नव्व्याण्णव सेल ठणठणीत असले आणि एक थकलेला असला, तर कॉम्प्युटर त्या एकाकडे बघून गाडी थांबवतो. अशा गाडीत अर्धीमुर्धी रेंज अचानक गायब होते. ही म्हातारपणाची झीज नाही, बिघाड आहे, आणि कित्येकदा एक मॉड्यूल, म्हणजे सेलचा एक गट, बदलून तो सुटतो. खरेदीदार दोन्ही गोष्टी एकाच नावाने ओळखतो, ‘बॅटरी गेली’, आणि दोन्हीला सारखाच घाबरतो. सेलच्या व्होल्टेजमधला फरक किती आहे, हे सर्व्हिस सेंटरच्या यंत्रावर काही मिनिटांत दिसतं.

आता मोजण्याकडे. डॅशबोर्डवरचा ‘उरलेले किलोमीटर’ हा आकडा या कामाला निरुपयोगी आहे. तो मागच्या काही किलोमीटरमध्ये तुम्ही गाडी कशी हाकली यावरून काढलेला अंदाज असतो. सावकाश चालवलेली थकलेली बॅटरी तिथे तरुण दिसते. खरी मोजणी म्हणजे बॅटरीत किती युनिट मावतात ती. कंपनीचं सर्व्हिस सेंटर गाडीच्या कॉम्प्युटरमधून बॅटरीची तब्येत, म्हणजे स्टेट ऑफ हेल्थ, वाचून छापील अहवाल देऊ शकतं. तो मागावा. आणि त्याची उलटतपासणी घरच्या मीटरवर करावी.

समजा बॅटरी ३०.२ किलोवॅट-अवरची आहे. ती २० टक्क्यांवर आणा आणि १५ ॲम्पियरच्या प्लगवर सबमीटर लावून १०० पर्यंत भरा. सबमीटरवर २४.५ युनिट पडले. चार्जरमध्ये आणि वायरीत दहा ते पंधरा टक्के वीज वाया जाते. मधला बारा टक्क्यांचा आकडा धरला तर बॅटरीत पोहोचले २१.६ युनिट. हे ऐंशी टक्के, म्हणजे पूर्ण बॅटरी २७ ची. मूळ ३०.२ ला हे ८९ टक्के. या हिशेबात चार-पाच टक्क्यांची चूक सहज असू शकते. थंडीत आकडा कमी येतो. काही कंपन्या एकूण क्षमतेतला थोडा भाग राखून ठेवतात, तो आधी वजा करावा लागतो. एलएफपी बॅटरीत तर टक्केवारीच भरकटते, कारण तिचं व्होल्टेज बराच वेळ सपाट राहतं आणि कॉम्प्युटरला आपण कुठे आहोत ते कळत नाही. म्हणून मोजणीआधी दोन-तीन वेळा गाडी पूर्ण भरून घ्यावी. एवढं करून सर्व्हिस सेंटरचा अहवाल ९१ म्हणत असेल आणि घरचा हिशेब ८९, तर व्यवहार पुढे न्यायला हरकत नाही. अहवालात ९६ आणि मीटरवर ८० आले, तर उठून यावं.

वर्षाला किती झीज साधारण मानायची? वाहनांची माहिती गोळा करणाऱ्या जिओटॅब या कंपनीच्या २०२४ च्या विश्लेषणात वर्षाला सरासरी १.८ टक्के घट दिसली होती, त्याआधीच्या पाहणीत २.३ टक्के. आपल्या उन्हाळ्याला हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत, पण पाच वर्षांच्या गाडीत नव्वदच्या आसपास तब्येत निघाली तर त्यात आजारपण काही नाही.

हे नव्वद टक्के रुपयांत कसे बदलतात, तिथे खरी गुंतागुंत आहे. ब्लूमबर्गएनईएफ या संशोधन संस्थेच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये बॅटरी पॅकची जागतिक सरासरी किंमत किलोवॅट-अवरला ११५ डॉलर होती. म्हणजे सुमारे दहा हजार रुपये. या भावाने ३० चा पॅक तीन लाखांचा आणि त्यातली दहा टक्के झीज तीस हजारांची. सर्व्हिस सेंटरमध्ये सुटा पॅक याहून बराच महाग पडतो, तरी झिजेचं मोल कोणत्या टप्प्यात आहे ते यातून कळतं. आता फेब्रुवारी २०२४ आठवा. टाटांनी सेलच्या किमती उतरल्याचं कारण देऊन नेक्सॉन ईव्हीची किंमत १.२० लाखांपर्यंत कमी केली. आदल्या महिन्यात नवी गाडी घेतलेल्याची बॅटरी तसूभरही झिजली नव्हती, पण रीसेल त्याच दिवशी उतरली. अमेरिकेत हर्ट्झ या भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये सुमारे २०,००० इलेक्ट्रिक गाड्या विकायचं ठरवलं आणि २४.५ कोटी डॉलरचा घसारा हिशेबात धरला. त्यामागेही टेस्लाने उतरवलेल्या नव्या किमती आणि दुरुस्तीचे खर्च होते. करांचंही तसंच आहे. नव्या इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के, महाराष्ट्रात वाहनकर माफ. पेट्रोलच्या नव्या गाडीवर मात्र भरपूर जीएसटी, शिवाय दहा टक्क्यांहून जास्त वाहनकर. जुनी पेट्रोल गाडी महाग नव्या गाडीशी स्पर्धा करते, जुनी इलेक्ट्रिक गाडी स्वस्त नव्या गाडीशी. या घसरणीचा दोष बॅटरीच्या माथी मारणं अन्यायाचं आहे.

बॅटरीची झीज खरोखर बोचते ती उंबरठ्यावर. ३० च्या बॅटरीची गाडी प्रत्यक्षात २०० किलोमीटर जाते असं धरू. हायवेवर कुणी शून्यापर्यंत उतरत नाही. ९० ते १० हा पट्टा वापरला तर हाती १६० किलोमीटर येतात. पुणे-मुंबई साधारण १५०. नवी गाडी न थांबता पोहोचते. तब्येत नव्वदवर आली की तोच पट्टा १४४ चा होतो आणि वाटेत चार्जिंगला थांबावं लागतं. दहा टक्के झिजेने गाडीचा स्वभावच बदलला. ४५ च्या, ३०० किलोमीटर जाणाऱ्या गाडीत तेच दहा टक्के गेले, तर २४० चे २१६ होतात आणि मुंबई तशीच टप्प्यात राहते. म्हणून सारख्या टक्केवारीला लहान बॅटरीच्या गाडीचा भाव जास्त पडतो. उलट, हडपसरहून हिंजवडीला रोज जाऊन-येऊन साठ-सत्तर किलोमीटर करणाऱ्याला १४४ आणि १६० मध्ये काहीच फरक नाही. त्याने अशी गाडी घासाघीस करून घ्यावी. दुसऱ्याला नको असलेली दहा टक्के झीज त्याच्यासाठी निव्वळ सूट आहे.

टक्केवारीपेक्षाही मोठा उंबरठा वॉरंटीचा. आपल्याकडे बॅटरीची वॉरंटी बहुतेक ठिकाणी आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते. पाच वर्षांची गाडी घेणाऱ्याच्या हाती तीन वर्षांचं संरक्षण उरतं. साडेसात वर्षांच्या गाडीची तब्येत तितकीच चांगली असली तरी खरेदीदार बदली पॅकची संपूर्ण किंमत मनात वजा करतो. त्यामुळे भाव उताराने उतरत नाही, पायरीने उतरतो. दिवसाला शंभर किलोमीटर चालणाऱ्या गाडीला ही पायरी साडेचार वर्षांच्या आतच येते. नेक्सॉन ईव्हीच्या पहिल्या गाड्यांची आठ वर्षं २०२८ मध्ये भरतील, तेव्हा भारतात पहिल्यांदाच वॉरंटीबाहेरच्या इलेक्ट्रिक मोटारी मोठ्या संख्येने बाजारात दिसतील. त्या वेळी सुटे मॉड्यूल सहज मिळाले आणि कंपनीबाहेर पॅक दुरुस्त करणारे विश्वासू कारागीर तयार झाले, तर ही पायरी बुटकी होईल.

आजकाल आजीवन वॉरंटीची जाहिरात दिसते. ती वाचताना ‘पहिल्या मालकासाठी’ हे शब्द शोधावेत. २०२४ मध्ये आलेल्या एमजी विंडसरची आजीवन वॉरंटी पहिल्या मालकापुरतीच होती. गाडी विकली की ती आकुंचन पावते, आणि विकणाऱ्याने आजीवनचे पैसे मागितले तर ते देऊ नयेत. त्याच गाडीसोबत बॅटरी भाड्याची योजनाही आली : सुरुवातीला गाडी ९.९९ लाखांना आणि बॅटरीचे किलोमीटरला साडेतीन रुपये. अशी गाडी घेताना बॅटरीचा करार कुणाच्या नावावर आहे, बाकी किती आहे आणि तो तुमच्या नावावर चढणार का, हे टोकन देण्याआधी लेखी घ्यावं. हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं असली तर गाडी टॅक्सीत चाललेली आहे. तिथे फास्ट चार्जिंगचं प्रमाण जास्त असण्याची शक्यता धरूनच भाव करावा. आणि गाडी लिफ्टवर चढवून पॅकचं बूड बघावं. स्पीडब्रेकरवर आपटून पडलेला खोल पोचा किंवा पुराच्या पाण्याची खूण दिसली, तर वॉरंटी असूनही ती नाकारली जाऊ शकते.

संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांच्या मंचाने २०२२ मध्ये बॅटरीच्या टिकाऊपणाचा जागतिक निकष ठरवला : पाच वर्षं किंवा १ लाख किलोमीटरपर्यंत किमान ८० टक्के, आठ वर्षं किंवा १.६ लाखांपर्यंत ७० टक्के क्षमता, आणि गाडीने दाखवलेली तब्येत तपासून पडताळता आली पाहिजे. कॅलिफोर्नियाने २०२६ च्या मॉडेलपासून ही तब्येत चालकाला दिसली पाहिजे असा नियम २०२२ मध्ये केला होता. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला तिची माहिती देणारा डिजिटल पासपोर्ट लागेल. आपल्या आरसी बुकावर मालकाचा अनुक्रमांक असतो, बॅटरीच्या तब्येतीचा रकाना नसतो. विम्याचा घसाराही नुसतं वय बघतो : चार ते पाच वर्षांच्या गाडीला सरसकट ५० टक्के, मग ती पेट्रोलची असो वा विजेची. पुण्यात एआरएआयसारखी वाहन-संशोधन संस्था असताना, सर्व्हिस सेंटरवर अवलंबून नसलेली प्रमाणित बॅटरी-तपासणी इथूनच सुरू व्हावी असं मला मनापासून वाटतं.

तोपर्यंत विकणाऱ्याने एवढं करावं : दरवर्षीच्या सर्व्हिसिंगला तब्येतीचा छापील अहवाल मागून फाइलला लावावा. सलग चार-पाच अहवाल असले की झीज सपाटीवर आहे की गुडघ्याजवळ, हे खरेदीदाराला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं आणि एजंटचं ते वाक्य तिथेच थांबतं. गाडी महिनाभर विकली जाणार नसेल तर ती पन्नास-साठ टक्क्यांवर सावलीत उभी ठेवावी. घेणाऱ्याने पॅकचा सीरियल नंबर सर्व्हिस सेंटरच्या नोंदीशी ताडून बघावा, म्हणजे मधे बॅटरी बदलली असेल तर ती कधी आणि का, हेही कळतं. गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होण्याआधी वॉरंटीच्या उरलेल्या मुदतीचं आणि ती नव्या मालकाला लागू होत असल्याचं पत्र कंपनीकडून घ्यावं, आणि ते हातात पडेपर्यंत विक्रेत्याला पूर्ण रक्कम देऊ नये.